समोरची

नोकरीच्या पहिल्याच वर्षात तिचं खरं नाव मागे पडलं आणि ती सगळ्यांची रेंजताई झाली. बिनतारी टेलिफोन कंपनीच्या दुकानात काउंटरवर ती एकटी बसायची. जिना चढून जो आत येई तो बसण्याआधीच म्हणे, "ताई, रेंज नाही." जणू काही रेंज तिच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली होती आणि ती हात आखडता घेऊन वाटत होती. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची. फोनचं झाकण उघडायची, सिम काढून पुसायची, परत बसवायची. निम्म्या लोकांचं काम तेवढ्यावर भागायचं. उरलेल्यांना ती विचारायची, "घरात कुठे बसून बोलता?" आणि मग खिडकी, गच्ची, जिन्याची तिसरी पायरी अशी ज्याच्या त्याच्या घरातली जागा शोधून द्यायची.

कंपनी उभी केली ती टॅक्सीवाल्यांना बिनतारी संच बसवून देणाऱ्या एका माणसाने. सगळे त्यांना मालक म्हणत. टायरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये त्यांनी टेबलं मांडली आणि पाटी पिवळी रंगवली, कारण टॅक्सीच्या कामातला पिवळा रंग उरला होता. मुलाखतीला आलेल्या तिला त्यांनी वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाले, "मोठ्याने वाचा." तिने हवामानाचा अंदाज वाचला.

"भडकलेल्या माणसाशी असंच शांतपणे बोलाल?"

"घरी सवय आहे," ती म्हणाली.

मालक खो खो हसले आणि दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर यायला सांगितलं.

घरी खरं तर भडकणारं कोणी नव्हतं. नवरा टेलिफोन खात्यात तारा ओढायचा, खांबावर चढायचा, आणि उतरला की थट्टेशिवाय दुसरं काही बोलायचा नाही. "आमच्या घरात एक तारवाला आणि एक बिनतारवाली," तो पाहुण्यांना सांगायचा. "मी दिवसभर जोडतो, ही दिवसभर हवेत बोलते." तेव्हा हातातला फोन विटेएवढा असायचा आणि तो बाळगणारा माणूस रस्त्यात उगाचच थांबून मोठ्याने बोलायचा. नवऱ्याला त्याचं फार हसू यायचं. आपल्या तारांना या खेळण्यापासून काही धोका आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

पिवळी कंपनी काही वर्षं बरी चालली. मग दुसऱ्या प्रांतातल्या एका मोठ्या कंपनीशी तिचं विलीनीकरण झालं. त्या दिवशी हॉलमध्ये केक कापला गेला आणि मालकांच्या हातात मोठा पुष्पगुच्छ दिला गेला. टाळ्या वाजत असताना मालक जिना उतरले, ते पुन्हा वर आले नाहीत.

"म्हणजे सोयरीक जमली तर," नवरा जेवताना म्हणाला. "मुलीकडचे कोण आणि मुलाकडचे कोण?"

"आपण मुलगी. आपलंच नाव गेलं ना."

"मग नीट नांद म्हणावं."

तिने नांदायचं ठरवलं. पिवळ्या शर्टाऐवजी निळा शर्ट घातला, फोन उचलल्यावर म्हणायचं नवं वाक्य पाठ केलं. पहिले काही आठवडे जीभ जुन्याच नावावर घसरायची आणि ती ते वाक्य गिळून पुन्हा सुरू करायची. निळ्या कंपनीने टायरवरचा हॉल सोडला आणि मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान घेतलं. तिथे टोकन देणारं यंत्र होतं, भिंतीवर टीव्ही होता, आणि तिच्या हाताखाली दोन मुली आल्या. मागच्या खोलीत डबा खायला टेबल होतं. ती खूश होती.

वर्षभरात रस्त्याच्या बरोब्बर पलीकडे लाल कंपनीने दुकान थाटलं. दार तसंच, टोकनचं यंत्र तसंच, टीव्ही जरा मोठा. आणि काउंटरवर एक उंच बाई, केस मागे घट्ट बांधलेले, कानावर पेन. निळ्या दुकानातल्या मुली तिला "ती समोरची" म्हणू लागल्या आणि तेच नाव तिला चिकटलं.

दोघींची ओळख चहाच्या टपरीवर झाली. समोरची स्वतःहूनच म्हणाली, "तुमचा तो चष्मेवाला म्हातारा सकाळपासून माझ्या डोक्यावर बसला होता. म्हणतो, तिकडच्या ताईंनी गच्चीत जायला सांगितलं आणि गच्चीत कबुतरं आहेत."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, आमच्या कंपनीला कबुतरं चालतात."

त्या दिवशी रेंजताईला चहाचा ठसका लागला आणि दोघींमधलं अहो-जाहो चार दिवसांत संपलं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली तसं तर गंमतच झाली. चिडलेलं गिऱ्हाईक निळ्या दारातून निघून तरातरा रस्ता ओलांडायचं आणि ते लाल दारात पोचायच्या आत समोरचीचा फोन यायचा, "अगं, काय केलंस याला? कान लाल झालेत त्याचे." महिनाभराने तेच गिऱ्हाईक उलटं यायचं. कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, जाहिरातींतून एकमेकींचे वाभाडे काढत होत्या, आणि या दोघी टपरीवर एकाच बाकावर बसून डब्यातलं वाटून खात होत्या.

समोरचीच्या घरी ती आणि तिची आई, दोघीच. आईची एक बाजू लुळी पडलेली. सकाळी तिला उठवायचं, पुसायचं, खुर्चीत टेकून बसवायचं, शेजारणीच्या हवाली करायचं आणि मग बस पकडायची. हे समोरची कोणाला सांगत नसे. तिच्याच दुकानातल्या लोकांना माहीत नव्हतं. तिने फक्त रेंजताईला सांगितलं होतं, तेही बाकावर एकदा डोळे भरून आले तेव्हा. "कधी कधी वाटतं, आज हिला नाहीच उठवलं तर? आणि मग स्वतःचीच भीती वाटते," असं ती म्हणाली होती. रेंजताईने तिचा हात दाबला होता, आणि दोघी आपापल्या कामाला गेल्या होत्या.

एकदा निळ्या कंपनीची केबल कुठे तरी खणताना तुटली आणि अर्ध्या शहराचे फोन मुके झाले. दुकानात ही झुंबड. त्याच वेळी घरी रेंजताईच्या मुलीला तापाने फिट आली. नवऱ्याने दुकानात फोन लावून पाहिला, तिच्या हातातल्या फोनवर लावून पाहिला. लागेना. शेवटी त्याने लाल दुकानाचा नंबर फिरवला. समोरची चालू काम टाकून रस्ता ओलांडून आली, गर्दीत कोपरं मारत काउंटरपर्यंत पोचली, आणि रेंजताईला हाताला धरून बाहेर काढलं. रिक्षात बसवलं. मग परत फिरून निळ्या काउंटरमागे स्वतःच उभी राहिली आणि तिथल्या दोन भेदरलेल्या मुलींना घेऊन तिने ती झुंबड आवरली, लाल शर्ट घालून. मुलगी वाचली, मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. समोरचीला ती मावशी म्हणायची.

मग एका सकाळी दोन्ही दुकानांतल्या टीव्हीवर एकच बातमी लागली. निळ्या आणि लाल कंपनीचे साहेब एकमेकांचे हात हातात घेऊन कॅमेऱ्याकडे बघत होते. रेंजताई दारात आली. समोरचीही पायरीवर आली होती. दोघी गाड्यांच्या वर्दळीवरून एकमेकींकडे बघून हसत सुटल्या.

"आता रंग कुठला?" समोरची ओरडली.

"निळा आणि लाल! जांभळा!"

खरोखरच जांभळा आला. शर्ट आले, पाट्या आल्या, फोनवर म्हणायचं तिसरं वाक्य आलं. महिना गेला आणि मग एरियासाहेब आले. हे दोन्ही दुकानांवर नेमलेले नवे साहेब. मऊ आवाजाचे, हातात सदा पाण्याची बाटली. एकाच रस्त्यावर दोन दुकानं कंपनीला नकोत, एक बंद होणार, आणि काउंटरची मुख्य जागा एकच राहणार, असं त्यांनी सांगितलं. "घाबरू नका. दोघींशी बोलून ठरवू," ते म्हणाले.

रेंजताईला त्यांनी मागच्या खोलीत, डबा खायच्या टेबलापाशी बसवलं. इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाले, "समोरच्या बाईंबद्दल तुमचं मत काय? मोकळेपणाने सांगा."

"तिच्यासारखी बाई तुम्हाला मिळायची नाही साहेब," रेंजताई म्हणाली. आणि तेवढ्यावर तिने थांबायला हवं होतं. पण तिला वाटलं, नुसतं कौतुक केलं तर साहेबांना खोटं वाटेल. आणि वाटलं, तिची अडचण कळली तर त्यांना तिची दया येईल. "कधी तरी उशीर होतो तिला यायला, ते खरंय. पण घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं करून येते बिचारी. आणि आल्यावर कामात एक चूक सापडायची नाही."

साहेबांनी मान डोलावली, पाण्याचा घोट घेतला.

पुढच्या आठवड्यात लाल दुकानाचं शटर खाली आलं. रेंजताई राहिली, समोरची गेली. रेंजताईने फोन केला, उचलला गेला नाही. घरी जावं असं रोज ठरवत होती आणि रोज पाय मागे येत होता. नोकरी तिची राहिली होती, ती कुठल्या तोंडाने जाणार?

मग समोरचीच आली. दुपारी, गर्दीच्या वेळी. तिने दारातल्या यंत्रातून टोकन घेतलं आणि गिऱ्हाइकांसारखी खुर्चीवर बसून राहिली. रेंजताईने हाक मारली, खूण केली, पण ती जागची हलली नाही. तिचा नंबर पुकारला गेला तेव्हा ती उठून काउंटरपाशी आली.

"माझ्या उशिराचं तू सांगितलंस?"

"अगं, मी तसं नाही म्हटलं. मी तर..."

"म्हटलंस की नाही?"

मागे रांग होती. हाताखालच्या मुली मान खाली घालून ऐकत होत्या.

"म्हटलं. पण मी म्हटलं की आईचं करून येते, आणि काम..."

"आईचंही सांगितलंस."

रेंजताई खुर्चीतून उठली.

"साहेब मला म्हणाले, तुमच्या वेळेबद्दल तुमच्या मैत्रिणीनेही सांगितलंय. घरची परिस्थिती बघता तुम्हाला विश्रांतीची गरज आहे." समोरचीने टोकन काउंटरवर ठेवलं. "नंबर बंद करायचाय माझा. कुठे सही करू?"

रेंजताईने तिचा नंबर स्वतःच्या हाताने बंद केला. दुसरं कोण करणार होतं? सही घेताना तिने समोरचीचं बोट धरायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात पेन परत आलं होतं. संध्याकाळी तिने उगाचच तो नंबर फिरवला. जांभळ्या कंपनीतल्या नव्या बाईचा आवाज म्हणाला, आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.

नवरा म्हणाला, "जा, भेट, पाय धर, भांड, काहीही कर." ती गेली नाही. एक वर्ष गेलं, मग पुढची गेली. लाल दुकानाच्या जागी गाद्यांचं दुकान आलं. रेंजताई चहा दुकानातच मागवू लागली. तिच्या हाताखालच्या दोन मुलींपैकी एक कमी झाली, मग दुसरीही. लोकांची कामं आता त्यांच्या हातातल्या फोनवरच होत होती. दुकानात यायचे ते म्हातारे, ज्यांना आलेला मेसेज वाचून हवा असायचा. ती वाचून दाखवायची. बहुतेक वेळा ती जाहिरात असायची, आणि म्हातारा विचारायचा, "म्हणजे कोणी पाठवलंय?"

नवऱ्याच्या तारांनाही दरम्यान कोणी विचारीनासं झालं. खात्याने त्याला मुदतीआधीच घरी बसवलं. सुरुवातीला तो खिडकीतून खांबाकडे बघत थट्टा करायचा. नंतर खांबही काढले गेले, आणि त्याचं बोलणं कमी कमी होत गेलं. दोघं जेवताना टीव्ही लावून ठेवू लागली.

तिसऱ्या वेळी विलीनीकरण हा शब्दही कोणी वापरला नाही. एका परक्या कंपनीने जांभळी कंपनी सरळ विकत घेतली. नवी पाटी पांढरी होती, पण ती लावायला दुकानंच ठेवायची नव्हती. सगळी बंद. तक्रार असेल तर फोनवर बटणं दाबायची. जुन्या पद्धतीचं नेटवर्कही बंद होणार होतं, साधे फोन वापरणाऱ्यांनी नवे घ्यावेत, असं पत्रक दारावर चिकटलं. ते तिनेच चिकटवलं.

शेवटच्या दिवशी किल्ल्या घ्यायला एरियासाहेब आले. केस पांढरे झालेले, पाण्याची बाटली तशीच. त्यांनाही घरी पाठवलं होतं, हे त्यांचं शेवटचं काम होतं. टोकनचं यंत्र, खुर्च्या, टीव्ही सगळं गेलं होतं, गिऱ्हाइकांची एक खुर्ची तेवढी मोडकी म्हणून राहिली होती. ते तिच्यावर बसले. त्यांना जायची घाई नव्हती.

"किती दुकानं बंद केली मी," ते म्हणाले. "या रस्त्यावरचंच ते पहिलं, समोरचं. आठवतंय ना?"

"आठवतंय."

"त्यातल्या त्यात ते सोपं होतं. त्या जागेचा करार संपत आला होता आणि घरमालकाला जागा परत हवी होती. तुमच्या या जागेचा करार बरीच वर्षं बाकी होता. वरून आधीच ठरून आलं होतं. दुकान जाईल त्याबरोबर तिथला माणूस जाईल."

रेंजताई किल्ल्यांचा जुडगा सोडवत होती, तिचा हात थांबला. "आधीच म्हणजे? आमच्याशी बोलायच्या आधी?"

"हो, मग."

"मग विचारलंत कशाला?"

साहेबांना प्रश्नच कळला नसावा. "विचारायची पद्धत होती हो. माणसाला काढायचं म्हणजे काही तरी कारण दाखवावं लागतं. तुम्ही ते आईचं सांगितलंत, बरं झालं. मला काही सुचत नव्हतं."

तिने किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. साहेबांनी उठून शटर ओढलं, ते अर्ध्यावर अडकलं, तेव्हा तिनेच सवयीने खालून लाथ मारून ते सोडवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती समोरचीच्या घरी गेली. शेजारीण म्हणाली, आई जाऊन बरेच दिवस झाले, आणि ती आता हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात असते. रेंजताई तशीच तिकडे गेली. तळघरात गरम वाफ भरली होती, यंत्रांचा घरघराट होता, आणि लांबलचक टेबलापाशी समोरची चादरींच्या घड्या घालत होती. केस कापलेले. कानावर पेन नव्हतं.

"तू?" ती म्हणाली. आश्चर्य वाटल्यासारखं, पण फार नाही.

रेंजताई घाईघाईने बोलू लागली. एरियासाहेब, करार, घरमालक, आधीच ठरलेलं. यंत्राच्या आवाजामुळे तिला ओरडून बोलावं लागत होतं आणि तिला स्वतःलाच ते भांडल्यासारखं वाटत होतं. "आपल्या दोघींचं काहीच चाललं नसतं. मी काहीही बोलले असते तरी तेच झालं असतं."

समोरची घडी पूर्ण होईपर्यंत थांबली. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"घरमालकानेच सांगितलं. दुकानातलं सामान न्यायला गेले होते तेव्हा. त्याच महिन्यात."

"त्याच महिन्यात? आणि तू मला... इतकी वर्षं? अगं, एक फोन करायचास!"

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? माझ्यामुळे तुझी नोकरी गेली असं समजून मी..."

"नोकरी त्यांनी घेतली. त्याचा राग तुझ्यावर कधीच नव्हता." तिने पुढची चादर ओढली. "आईचं मी तुला सांगितलं होतं. त्या बाकावर. त्या साहेबाला सांगितलं नव्हतं. त्याने ते माझ्या तोंडावर वाचून दाखवलं, आणि मला वाटलं, बाकीचंही तू सांगितलं असशील. तिला उठवू नये असं वाटतं ते."

"नाही! ते मी कधीच, शप्पथ..."

"असेल. नसशील सांगितलं." समोरचीच्या आवाजात राग नव्हता, तो शोधूनही सापडला नसता. "पण मग आई गेली त्या दिवशी मला पहिलं ते आठवलं. की हे कोणाला तरी माहीत आहे."

चादर मोठी होती, एकटीला आवरत नव्हती. रेंजताईने दुसरी दोन टोकं उचलली. दोघींनी ती ताणली, जवळ आल्या, टोकाला टोक लावलं, पुन्हा मागे सरकल्या. समोरचीने घडी तिच्या हातातून घेतली आणि ढिगावर ठेवली.

"मुलगी बरी आहे?"

"बरी आहे."

"बरं. जा आता. मुकादम आला की बाहेरच्यांवरून कटकट करतो."

"मी परत येऊ?"

समोरचीने थोडा विचार केला, खरोखर केला. "नको," ती म्हणाली.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "भेटली?" ती म्हणाली, भेटली नाही. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

त्यानंतर काही दिवस म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचे फोन येत राहिले. बटणं दाबून दाबून थकलेले लोक कुठून तरी तिचा नंबर मिळवायचे. ताई, फोन बंद पडणार म्हणतात, मी काय करू? ती सांगायची. मग सांगणं तिला जड जाऊ लागलं, एकेक शब्द ओढून आणावा लागे. फोन वाजला की ती तो उशीखाली सारायची. जुनं नेटवर्क बंद झालं तेव्हा तिचा स्वतःचा साधा फोनही मुका झाला. नवा घे, असं नवरा दोनदा म्हणाला. ती हो म्हणाली आणि गेली नाही. एकदोन ठिकाणी कामासाठी विचारून आली होती, तिथल्या मुलांनी तिला आजी म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पुन्हा कुठे विचारलं नाही.

रविवारी दुपारी मुलीचा फोन नवऱ्याच्या फोनवर आला. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"आईला दे ना," मुलगी म्हणाली. "कधीपासून बोललेच नाही तिच्याशी."

रेंजताई टेबलाच्या पलीकडेच बसली होती, समोर गार झालेला चहा. नवऱ्याने फोन पुढे केला. तिने मान हलवली. त्याने पुन्हा पुढे केला, या वेळी डोळ्यांनी विनवत. ती खिडकीकडे बघू लागली.

तो बराच वेळ फोन तसाच धरून राहिला. मग कानाला लावून म्हणाला, "झोपली आहे गं. उठली की सांगतो."